गुरुजींचं थांबणं

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला वाटलं, टेपच बंद पडला. मी मशीनला एक चापट मारली. त्या मशीनला माझ्या चापटांची सवय होती. पण चाकं तर फिरत होती. हेडफोनात बारीक खरखर येत होती, लांब कुठेतरी हापशाचा दांडा वरखाली होत होता आणि माइकच्या अगदी जवळ बसलेलं एक मूल नाकाने श्वास घेत होतं. बोलत मात्र कोणीच नव्हतं. मी कॅसेट मागे घेतली, परत ऐकली. गुरुजींनी प्रश्न विचारला होता, एका पोराने चुकीचं उत्तर दिलं होतं आणि त्यानंतर गुरुजी थांबले होते. नुसते थांबले होते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बी.एड. होऊन मला बरीच वर्षं झाली होती आणि नोकरी काही लागत नव्हती. शेवटी शिक्षणावर संशोधन करणाऱ्या एका छोट्या संस्थेत काम मिळालं. द्वारका चौकात टायरच्या दुकानावर दोन खोल्या. खाली दिवसभर ट्रकचे हॉर्न, वर आम्ही कानात हेडफोन खुपसून. काम काय, तर खेड्यातल्या शाळांमध्ये मागे पडलेल्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर जादा तास चालायचे, त्या तासांच्या कॅसेटी ऐकायच्या आणि शब्द न् शब्द कागदावर उतरवायचा. काही शाळांत या तासांनी मुलं पुढे जात होती, काही ठिकाणी होती तिथेच होती. तास तेवढाच, पुस्तकं तीच. मग फरक कशाने पडतो? चांगला शिकवणारा माणूस नेमकं काय वेगळं करतो? हे आमच्या मॅडमना शोधून काढायचं होतं. मॅडम पुण्याच्या, शिस्तीच्या, आणि माझ्या तोंडाला वैतागलेल्या.

त्या म्हणायच्या, बोलणं तर उतरवाच, पण गप्प बसणंही उतरवा. त्यासाठी त्यांनी एक साधी पद्धत बसवली होती. कोणी बोलेनासं झालं की घड्याळाच्या चालीने पेन्सिल टेबलावर टेकवायची आणि एका ठोक्याला कागदावर एक टिंब द्यायचं. मला हसू यायचं. कारण टिंब द्यायची वेळच यायची नाही. आमचे बहुतेक गुरुजी आणि बाई म्हणजे काय विचारू नका! प्रश्न विचारतात आणि पोरांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळे. "म्हणजे किती झाले? बारा! किती? बारा! शाब्बास!" कोणाला शाब्बास म्हणताय बाबांनो, उत्तर तर तुम्हीच दिलंत. मी हेडफोन काढून टेबलावर आपटायचे आणि मॅडम आतून ओरडायच्या, "संस्थेचा माल आहे तो!"

अशात ही कॅसेट आली. दिंडोरीच्या पुढच्या एका वस्तीवरची शाळा. पोरांचे आईबाप द्राक्षबागांत कामाला जाणारे. गुरुजींचं नाव आम्हाला ठाऊक नसायचं, कॅसेटवर नुसता शाळेचा आकडा. आवाज चाळिशीतल्या माणसाचा वाटत होता, जरा घोगरा, हसरा. पोरांशी पोरांच्याच भाषेत बोलत होता.

"एका भाकरीचं तीन सारखं वाटं केलं. दुसरीचं चार केलं. कोनता वाटा मोठा?"

"चार वाल्याचा."

वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "हसायचं काम नाय. मलाबी लहानपनी तसंच वाटायचं. आता डोळ्याम्होरं भाकर आन, आन् मग सांग."

आणि मग ती शांतता. मी पेन्सिल टेकवत गेले, टिंबं देत गेले. ओळ संपली. दुसरी ओळ सुरू केली. हापसा वाजत होता, पोरगं श्वास घेत होतं. माझाच जीव कासावीस झाला. अरे, सांगून टाका की आता, असं मी मोठ्याने म्हणाले. शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. तेवढ्यात टेपमधून अगदी हळू आवाज आला, "घाई नाय बाळा. मी हितंच हाय." आणि परत टिंबं.

बऱ्याच वेळाने पोरगं बोललं. "गुर्जी, लय जन जेवाया बसले, तर वाटा बारका व्हतो."

"मंग?"

"मंग तीन वाल्याचा मोठा."

गुरुजींनी शाब्बाससुद्धा म्हटलं नाही. म्हणाले, "कसं वळखलंस ते ह्या हसनाऱ्यांना समजून सांग." आणि ते पोरगं, ज्याला शाळेने मागे पडलेलं म्हणून बाजूला काढलं होतं, ते सांगायला लागलं.

मी रडले. उगाच कशाला लपवू? ऑफिसात, टायरच्या दुकानावर, भर दुपारी. मॅडम बाहेर आल्या, त्यांनी ते टिंबांचं पान हातात घेतलं आणि एकेक टिंब मोजत गेल्या. त्यांना जे सापडायचं होतं ते त्या पानावर होतं. पुढे कितीतरी वर्षं ते पान शिक्षकांच्या प्रशिक्षणात फिरत राहिलं. मूल चुकलं तर लगेच दुसऱ्याला विचारू नका, थांबा, असं सांगताना ते दाखवायचे. अजूनही कुठे कुठे दाखवतात.

तो आवाज मग माझ्यामागे लागला. आमचे थांबणारे गुरुजी, असं मी त्यांना म्हणायचे आणि घरी नवऱ्याला त्यांचे किस्से सांगून हैराण करायचे. मी तापट बाई. मुलगा चौथीत होता, पाढा चुकला की माझा पारा चढायचा. एक दिवस म्हटलं, आपणही थांबून बघू. तेराचा पाढा अडला, मी लाटणं धरून थांबले. तव्यावरची पोळी करपली. पोरगं घाबरून म्हणालं, "आई, अशी काय बघतेस? बरं नाहीये का तुला?" पण त्याने आठवून आठवून बरोबर सांगितलं. त्या दिवसापासून मी त्याच्यावर हात उगारला नाही. हे त्या न पाहिलेल्या माणसाचं देणं, असं मी मानत होते.

आणि ती शांतता कुठेही गाठायची. कुकरची शिट्टी थांबली की तेवढ्यात मला हापसा ऐकू यायचा. द्वारकेच्या चौकात हॉर्नच्या गदारोळात रस्ता ओलांडताना वाटायचं, कोणीतरी माझ्या उत्तराची वाट बघतंय. आईच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर बसले होते, डॉक्टरांनी काहीतरी विचारलं आणि मला शब्द फुटेना, तेव्हा कानाशी स्पष्ट ऐकू आलं, घाई नाय बाळा. मला भीती वाटायला हवी होती, पण बरं वाटलं.

थंडीत कळलं की ते गुरुजी गेले. आमचा रेकॉर्डिंग करणारा माणूस त्या शाळेत परत गेला तर दाराशी त्यांचा फोटो, हार घातलेला. पंचवटीत राहायचे, रोज मोटारसायकलने जाऊन येऊन करायचे. सकाळी निघताना छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत खेळ खलास. मी त्या दिवशी ती कॅसेट लावली नाही. दुसऱ्या दिवशी लावली. गेलेला माणूस टेपमध्ये अजून थांबला होता. पोराच्या उत्तराची वाट बघत होता.

आमच्याकडचा नियम असा होता की उतरवून झालं की कॅसेट पुसायची आणि पुढच्या फेरीला त्याच कॅसेटवर दुसरी शाळा भरायची. शिवाय आवाज बाहेर जाऊ देणार नाही असा शब्द प्रत्येक शिक्षकाला दिलेला. मी ती कॅसेट खणात तळाशी सारून ठेवत होते. एक दिवस मॅडमनी ती बरोबर काढली.

"ही अजून पुसली नाही?"

"मॅडम, गेले ते."

"ठाऊक आहे. म्हणून तर दिलेला शब्द जास्त जपायला हवा. सोमवारी सगळ्या कोऱ्या करून द्यायच्यात."

"त्यांच्या घरच्यांना विचारलंय का कोणी? आवाज त्यांचा आहे, आपला नाही."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "घरचे मागत असतील तर द्या. नाही आले तर सोमवारी पुसा." एवढं त्यांनी ऐकलं, हेच खूप होतं. मी लगेच शाळेमार्फत निरोप धाडला.

शनिवारी दुपारी गुरुजींच्या घरच्या बाई आल्या, बरोबर मुलगी. बाई माझ्याच वयाच्या असतील, फिकट साडी, कपाळ मोकळं. मुलगी नववी-दहावीतली, दोन वेण्या, शाळेचाच गणवेश. खाली टायरवाल्याची हवा भरायची मशीन फटफटत होती. मी खुर्च्या दिल्या, चहा मागवला, आणि लागलेच बडबडायला. तुमचे साहेब म्हणजे हिरा होते वहिनी, असा शिक्षक आम्ही पाहिला नाही, पुण्यापर्यंत नाव गेलंय. बाई खाली बघून ऐकत होत्या. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती, मी दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगतेय असं.

"धाकट्यासाठी आले हो ताई," बाई म्हणाल्या. "तीन वर्षांचा आहे. फोटो दाखवला की पप्पा म्हणतो, पण बोलायचे कसे ते आठवत नाही म्हणतो. आवाज मिळाला तर मोठेपणी त्याला काहीतरी राहील. नाहीतर त्याच्या वाट्याला नुसता फोटो."

"मिळेल ना! तुमचंच आहे ते. आधी ऐका तर."

मी हेडफोनची वायर काढली, आवाज मोठा केला आणि अर्थातच तो भाकरीचा भाग लावला. सगळ्यात सुंदर तेच त्यांना ऐकवायचं, असं मी आधीच ठरवलं होतं. गुरुजींचा आवाज खोलीत आला तशी बाईंनी पदर तोंडावर धरला. "असे बोलायचे होय तिथे," त्या पुटपुटल्या. "घरी तर आम्हाला खेडवळ बोलू द्यायचे नाहीत." डोळ्यांत पाणी होतं आणि थोडं हसूही होतं. मला फार बरं वाटलं.

मग पोराने चुकीचं उत्तर दिलं. गुरुजी थांबले.

मी ती शांतता इतक्यांदा ऐकली होती की मी टेपकडे बघतच नव्हते, त्या दोघींकडे बघत होते. म्हणून मला दिसलं. मुलीची मान खांद्यांत गेली. डोळे गच्च मिटले. आणि बाईंचा हात, त्या मुलीकडे बघतही नव्हत्या, तरी त्यांचा हात आपोआप मुलीच्या समोर आडवा गेला. रिक्षाने एकदम ब्रेक मारला की आई पोराला धरते, तसा. दोघीही तशाच बसून राहिल्या. हापसा वाजत होता. टेपमधलं पोरगं श्वास घेत होतं. इथे या दोघी श्वास धरून होत्या.

"घाई नाय बाळा. मी हितंच हाय."

मुलीने डोळे उघडले. आईचा हात अजून आडवाच होता. तिने तो बघितला आणि हळूच खाली ठेवला.

"परत लावा," ती म्हणाली.

मी परत लावलं. परत पोरगं चुकलं, परत शांतता आली. या वेळी तिला पुढे काय येणार ते माहीत होतं. तरी तिची मान आत गेलीच.

मला सगळं कळलं. काही विचारावं लागलं नाही, कोणी काही सांगितलं नाही. ज्या शांततेवर मी जीव टाकला होता, जी मी टिंबाटिंबाने उतरवली होती, ती त्या घरात गणिताच्या वहीवर रोज उतरत असणार, आणि तिच्यानंतर काय येतं ते या पोरीला पक्कं पाठ होतं. माझ्या घरात त्याच शांततेमुळे मी हात उगारणं थांबवलं होतं. मला त्या माणसाचा इतका राग आला की तो समोर असता तर मी काय केलं असतं देव जाणे. आणि राग आला तरी टेपमधला आवाज खोटा वाटेना, हे जास्त वाईट होतं. तो खराच होता. त्या पोरासाठी तो माणूस खरंच थांबला होता.

मी बंद करायला हात पुढे केला. मुलगी म्हणाली, "राहू दे." तिने पुढचंही सगळं ऐकलं. पोराचं उत्तर ऐकलं, गुरुजींचं हसणं ऐकलं. कॅसेट संपून खटका वर आला.

"म्हणजे येत होतं त्यांना," ती म्हणाली.

बाईंनी मांडीवरची पिशवी सारखी केली.

"मला वाटायचं, त्यांना येतच नाही. काहींना नसतं जमत. मी स्वतःला तसंच सांगायचे." ती माझ्याशी बोलत होती, आईकडे बघत नव्हती. "ते गेले तेव्हा त्या शाळेची पोरं टेम्पो भरून आली होती. इतकी रडत होती. मला वाटलं, ही पत्ता चुकून आलीत, दुसऱ्याच कोणाला तरी रडतायत. आता कळलं."

"असं बोलू नये गं," बाई म्हणाल्या. "गेलेलं माणूस आहे."

"मी वाईट कुठे बोलतेय, मम्मी? चांगलंच बोलतेय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना लाज वाटत होती, आणि लाज त्यांना का वाटावी? तरी त्या सांगायला लागल्या, बापडी बाई. दमून यायचे हो. एवढा रस्ता, धूळ, वरून शाळेची कटकट. सगळी सहनशक्ती तिकडेच संपायची. घरी आले की जरा चुकलं, की झालं. मनाने वाईट नव्हते. माझ्या तोंडाशी खूप काही आलं होतं. मी, जी मॅडमनाही सोडत नव्हते, ती चहाच्या कपातली साय बाजूला करत बसले.

"वहिनी, ही न्यायची का नाही ते तुम्ही सांगा," शेवटी मी म्हणाले. "नको असेल तर सोमवारी पुसली जाईल. कोणालाही ऐकू जाणार नाही."

मी कॅसेट काढून टेबलावर ठेवली. मला माझं काहीच कळत नव्हतं. पुसली जावी असं वाटत होतं, आणि तो आवाज जगात राहणार नाही हेही सहन होत नव्हतं. बाईंनी हात लावला नाही. त्या मुलीकडे बघत होत्या. आई असून तिच्या परवानगीची वाट बघत होत्या.

"धाकट्याला कधी मारलं का त्यांनी?" मी न राहवून विचारलं.

"लहानच होता ना तो," मुलगी म्हणाली. "त्याला अजून अभ्यास नव्हता."

कॅसेट तिने उचलली. उलटीसुलटी केली, वरचा शाळेचा आकडा वाचला. सैल पडलेली फीत दिसली तशी टेबलावरची माझी पेन्सिल घेतली, भोकात घालून फिरवली, फीत घट्ट केली. सावकाश, नीट. मग आईच्या पिशवीत ठेवली आणि पिशवीचा बंद आवळला.

"त्याला ऐकव," ती म्हणाली. "त्याचे पप्पा असेच होते म्हणून सांग. मी काही बोलणार नाही."

बाईंना रडू फुटलं. मुलीने त्यांना रडू दिलं. रडणं संपल्यावर ती उठली, दप्तर खांद्याला लावलं आणि दाराशी गेली.

"फक्त मी घरात नसेन तेव्हा लाव, मम्मी."